उघाडी

कोजागिरीला आभाळ मोकळं असतं, असं कॅलेंडर मानतं.
पण दुपारपासून प्रबळगडामागे ढग चढत होते,
वर जाऊन ऐरणीसारखे सपाट.
चारला कंट्रोल रूमचा फोन : नारिंगी.
साडेसहाला परत : लाल.
मी वहीत भरती लिहिली, बारा एकवीस,
पौर्णिमेचं उधाण.
इरफान डिझेलमध्ये काठी बुडवून आला.
म्हणाला, एका पंपापुरतं आहे,
दुसऱ्याचं बिल अडकलंय.

बेलापूरला नवा राहायला आलेला माणूस विचारतो,
इथं हा तलाव कशाला?
त्याला सांगावं लागतं की बाबा, तू खाडीच्या खाली झोपतोस.
ओहोटीला तलावाचं पाणी दार ढकलून निघून जातं,
भरतीला खाडीच बाहेरून दार लावून घेते.
कागदावर त्याचं नाव फ्लॅप गेट.
माझा बाप, पोशा भोईर,
खारबांधावर असंच एक सागवानी दार राखायचा.
आम्ही उघाडी म्हणायचो.
तो ज्या दगडावर बसून बिडी ओढायचा
तिथं आता पार्किंग आहे, बी विंग.

साडेनऊला गच्च्यांवर दूध आटत होतं.
पहिली वीज टाकीमागे पडली,
उजेड आधी की आवाज, ठरवायला वेळच मिळाला नाही.
माणसं पातेली तशीच ठेवून जिन्यात.
मग जे आलं त्याला सर म्हणत नाहीत.

पारसिकाचा डोंगर खाणींनी सोललाय,
तो पाणी धरत नाही, फेकतो.
खाली नाल्याकाठी गुलाब वाघे राहते,
आमच्या जाळीतला कचरा काढायला रोजावर येते.
मी फोन लावला.
नाला कसा आहे?
गप झालाय, म्हणाली, मघाशी गर्जत होता.
माझ्या पोटात काहीतरी खाली गेलं.
एवढ्या पावसात नाला गप,
म्हणजे वर कुठंतरी अडलाय.
निघ, म्हटलं. शाळेत जा. सगळ्यांना उठव.
ती म्हणाली, कोंबड्या
आणि लाइन गेली. मग दिवेही.

अकरा दहाला ते आलं.
पाणी नव्हतंच ते, चालता डोंगर होता,
खडी, बांबू, पत्रे, एक फ्रिज, दुधाचं पातेलं,
आणि सगळं येऊन जाळीला चिकटलं.
पंप धापा टाकू लागला.
मी कमरेला दोर बांधून पंजा घेऊन उतरलो,
वर इरफान, पाय रोवून,
मोठमोठ्यानं मला शिव्या देत, म्हणजे मला कळावं तो आहे.

विजेच्या उजेडात एक दार आलं.
पत्र्याचं, निळं, चौकटीसकट.
तसंच अडकून राहिलं जाळीवर, उभं,
जणू कुणी आतून येईल.
मी हात लावेना.
पुन्हा लखलखलं तेव्हा कडीला कुलूप दिसलं.
बाहेरून लावलेलं.
माणूस कुलूप लावतो
ते निघताना.
मी तिथं, छातीभर घाणीत, हसलो असेन,
इरफानला वाटलं मला शॉक लागला.

बारा एकवीसला लाल खुणेवर पाणी चार बोटं.
सेक्टरमधून फोनवर फोन : गेट उघडा, काय झोपलात?
गेटच्या पलीकडे अख्खी खाडी टेकून उभी होती.
बाप म्हणायचा,
पान्याशी भांडू नको रं, त्याला येल दे.
वेळ द्यायला माझ्याकडे चाळीस लिटर डिझेल होतं.

पावणेदोनला लोखंड कण्हलं.
एक बोट. मग हात. मग
तलाव अंधारात चालायला लागला.
वहीत शेऱ्यात मी लिहिलं, उघाडी उघडली.
साहेबांनी नंतर ते खोडलं.

सकाळी गाळावर ऊन पडलं.
वस्तीतल्या वरच्या रांगेचा एक जण अजून सापडत नव्हता,
त्याचं नाव कुणालाच पूर्ण येत नव्हतं.
गुलाब आली, अनवाणी, काखेत एकच कोंबडी.
माझं दार दे, म्हणाली.
भिंतीला टेकवून ठेवलं होतं.
तिनं गळ्यातली किल्ली काढली,
कुलपातली माती फुंकली,
आणि फिरवून पाहिली.